एका वेलांटीपायी

'सक्रीय' असं कुठेही लिहिलेलं दिसलं की माझा हात पेन्सिलीकडे जातो. मग ती दुकानाची पाटी असो नाहीतर लग्नपत्रिका. 'क्रिया'वरून 'सक्रिय'. तत्सम शब्द, मुळात ऱ्हस्व, म्हणून मराठीतही ऱ्हस्वच. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या नियमांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे आणि गेली तेवीस वर्षं मी त्या नियमांवर पोट भरते. मुद्रितशोधन करते, सांगलीत, घरबसल्या. तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये या एका वेलांटीपायी माझं आयुष्यातलं पहिलं क्रेडिट कार्ड एकदाही न वापरता बंद पडलं. त्याची ही गोष्ट. दुसरं कार्ड चालू करताना काय काय निस्तरावं लागलं तेही सांगते, कारण मला ते आधी कुणी धड सांगितलं नव्हतं.

कार्ड हवं होतं लॅपटॉपसाठी. जुन्याचं बिजागर तुटलेलं. पडद्यामागे पाट उभा करून मी काम करत होते, आणि पाट सरकला की पडदा उताणा. जूनपासून दिवाळी अंकांची प्रुफं यायला लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरात तर मान वर करायला फुरसत नसते. अंकवाले पैसे देतात ते अंक निघाल्यावर, काही जण संक्रांत उलटल्यावर. तेव्हा ४१,००० एकरकमी काढणं जिवावर आलं होतं. दुकानात विचारलं तर बिनव्याजी हप्ते फक्त क्रेडिट कार्डावर.

"ऋण काढून सण कशाला?" हे म्हणाले. हे साखर कारखान्याच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेत.

"सण कुठला, हत्यार घेतेय," मी म्हटलं. आणि विचारलं, की आपला सगळ्या संसाराचा किराणा कोपऱ्यावरच्या दुकानातून वहीवर लिहून यायचा आणि पगार झाला की सात तारखेला चुकता व्हायचा, ती वही काय होती मग? यावर हे गप्प बसले. पटलं म्हणून नव्हे, नुसतेच गप्प बसले.

बँकेत माझं वीस वर्षांचं खातं आहे. पण पगाराची स्लिप नाही, आणि सिबिलकडे, म्हणजे कुणी किती कर्ज घेतलं-फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, माझ्या नावापुढे काहीच नाही, कारण मी जन्मात कर्ज घेतलेलं नाही. ज्या बाईने कुणाचं देणं ठेवलं नाही तिला बाजारात पत नाही, हे मला काउंटरवरच्या मुलाने फार मऊ आवाजात समजावलं. शेवटी ६०,००० ची एफडी तारण ठेवायची आणि ४८,००० मर्यादेचं कार्ड घ्यायचं असं ठरलं. म्हणजे माझेच पैसे मला उधार. असो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात कार्ड आलं. कुरियरवाल्याने ओटीपी मागितला, मी मुकाट सांगितला. जाड लिफाफा, आत पुठ्ठा, पुठ्ठ्यावर डिंकाच्या दोन ठिपक्यांनी चिकटवलेलं कार्ड. नाव बघते तर आडनावातला 'एच' गळालेला! मी चवताळले. एवढी मोठी बँक आणि नाव धड छापता येत नाही? फोनमध्ये अर्जाचा फोटो होता तो काढला, बँकेच्या तोंडावर मारायला. अर्ज माझ्याच अक्षरातला. त्यात 'एच' नव्हताच. आपण लिहिलेलं आपण तपासायचं नसतं, हे आमच्या धंद्यात शिकाऊ पोरालाही ठाऊक असतं.

नाव दुरुस्त करून घेऊ, मग चालू करू, तोवर राहू दे, असं म्हणून मी ते कार्ड लिफाफ्यासकट शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात सरकवलं. दुसऱ्या दिवशी एका अंकाची दीडशे पानं आली. कार्ड डोक्यातून गेलं.

मेख इथेच होती. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत असं आहे, की कार्ड दिल्यापासून ३० दिवस उलटून गेले आणि ग्राहकाने ते चालूच केलं नाही, तर बँकेने ओटीपीच्या मार्गाने त्याची संमती विचारायची. संमती आली नाही तर विचारल्यापासून सात कामकाजाच्या दिवसांत कार्डाचं खातं बंद करून टाकायचं, ग्राहकाला एक पैसा न लावता. नियम चांगलाच आहे. न मागितलेली कार्डं लोकांच्या गळ्यात मारून वर फी उकळण्याला त्याने चाप बसतो. फक्त मला तो तेव्हा माहीत नव्हता.

ऑगस्टमध्ये मेसेज आला तो असा: "प्रीय ग्राहक, आपले क्रेडीट कार्ड सक्रीय करण्यास सहमती ध्या." खाली एक लिंक.

नऊ शब्द, चार चुका. 'ध्या' बघून तर मी मोठ्याने हसले. 'द्या'चा 'ध्या' करणारा माणूस बँकेत असूच शकत नाही, तो चोरच. पुण्यातल्या भाच्याने मला केव्हाच पढवून ठेवलं होतं, "मावशी, मेसेजमध्ये शुद्धलेखनाच्या चुका दिसल्या की समजायचं, फ्रॉड आहे." माझ्या हातात तर या परीक्षेची किल्लीच! मेसेज पुसला. दोन दिवसांनी पुन्हा आला. पुन्हा पुसला.

मग फोन आला. बाई हिंदीत बोलत होत्या, कार्डासाठी कन्सेंट हवाय म्हणाल्या. मी म्हटलं, ओटीपी मागायला लाज नाही वाटत, शिकली-सवरलेली दिसतेस. ती बिचारी म्हणत होती, की ओटीपी मला सांगूच नका, तुम्ही तुमचं ॲप उघडा आणि तिथे टाका. पण ऐकायला मी होते कुठे? मी तिला चांगलं पाच मिनिटं सुनावलं आणि फोन आपटला. त्या दिवशी संध्याकाळी यांना चहा देताना मी ती हकिगत तिखटमीठ लावून सांगितली होती, ते आठवलं की अजून कानकोंडं होतं.

स्वातंत्र्यदिन होऊन गेल्यावर शेवटचा मेसेज आला: "आपली संमती न मिळाल्याने आपले क्रेडिट कार्ड खाते बंद करण्यात आले आहे." यात एकही चूक नव्हती. तेव्हा पहिल्यांदा पोटात कालवलं.

गणपतीला भाचा आला. आरती झाल्यावर मोदक खाता खाता त्याने माझा फोन चाळला आणि कपाळाला हात लावला. "मावशी, मेसेज खरा होता गं."

"त्यात चार चुका होत्या."

"असतील. बँकेतल्या कुणीतरी घाईत टाइप केला असेल. वेलांटीवरून चोर ओळखायचे नसतात."

"तूच सांगितलं होतंस."

त्याने विषय बदलला. पण मग नीट दाखवलंन. मेसेज पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता एक अक्षर असतं. जाहिरातीचा असेल तर पी, सेवेचा असेल तर एस, व्यवहाराचा टी, सरकारी असेल तर जी. शेवटच्या मेसेजला एस होता. बँकांना ग्राहकांना फोन करण्यासाठी १६०० ने सुरू होणारे क्रमांक दिलेत. मी झापलं त्या बाईंचा क्रमांक कॉलयादीत अजून होता आणि तो १६०० नेच सुरू होत होता. बँकांच्या संकेतस्थळांचे पत्तेही ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' असे करून घ्यायचा आदेश रिझर्व्ह बँकेने काढलेला होता. "आणि हे काही लक्षात नाही राहिलं तरी चालेल," तो म्हणाला. "मेसेजमधली लिंक खरी असली तरी दाबायची नाही. आपण आपलं ॲप उघडायचं. मागणी खरी असेल तर ती तिथे दिसते." हे वाक्य त्याने पहिल्यांदाच सांगितलं असतं तर माझी एफडी अडकली नसती.

कारण एफडी अडकली. कार्ड बंद झालं, पण एफडीवरचं लीन, म्हणजे तारणापोटी बँकेने घातलेली अडवणूक, निघेना, आणि ते निघाल्याशिवाय नवा अर्ज घेता येईना. शाखेत तीन खेपा घातल्या. दर वेळी "सिस्टिममध्ये दिसतंय" असं उत्तर. काय दिसतंय ते कुणी सांगितलं नाही. दिलासा इतकाच, की चालू न केलेल्या कार्डाची माहिती सिबिलसारख्या संस्थांना कळवायला बँकेला मनाई आहे, त्यामुळे माझी फजिती कागदावर कुठे उरली नाही. नवा अर्ज मी यांच्याकडून तपासून घेतला. 'एच' आहे ना, हे दोनदा विचारलं.

दुसरं कार्ड सप्टेंबरच्या शेवटी आलं. लिफाफा फोडला तो थेट जेवणाच्या टेबलावर, हे समोर बसलेले, भाचा फोनवर. ॲपमध्ये कार्डाचे शेवटचे चार आकडे, मुदतीचा महिना आणि वर्ष टाकलं, ओटीपी आला, तो टाकला, झालं. दोन मिनिटं. मग चार आकडी पिन.

"आपल्या लग्नाचं साल ठेव," हे म्हणाले.

"ते अख्ख्या गल्लीला पाठ आहे," मी म्हटलं आणि यांनाही पाठ फिरवायला लावून पिन टाकला.

मागची सही करायची पट्टी आणि तिच्याशेजारचे तीन आकडे, सीव्हीव्ही. ते आकडे पाठ केले आणि वर व्हाइटनरचा एक थेंब ओढला. आमच्या कामात व्हाइटनर आता कोण वापरतं, सगळं पीडीएफवर. पण बाटली होती, सुकत चाललेली. पहिला हात दिला तर आकडे खालून दिसतच होते, दुसरा दिला. आता तिथे एक पांढरा खवला आहे आणि कार्ड पाकिटातून काढलं की त्याचा जरासा भुगा पडतो. भाचा म्हणतो, नेलपॉलिश लाव.

लगेच लॅपटॉपची ऑर्डर टाकायला गेले. व्यवहार नाकारला. पुन्हा टाकला. पुन्हा नाकारला. हे खुर्चीत जरा मागे रेलले, बोलले काही नाहीत.

याचंही कारण नियमातच आहे. जानेवारी २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने सांगितलं, की नवं कार्ड हातात पडेल तेव्हा ते फक्त भारतातल्या एटीएमवर आणि दुकानातल्या मशीनमध्ये घालूनच चालावं. ऑनलाइन, टॅप (म्हणजे मशीनला कार्ड नुसतं टेकवून) आणि परदेशी व्यवहार हे तिन्ही बंद. ज्याला जे हवं ते त्याने स्वतः उघडायचं. ॲपमध्ये 'कार्ड नियंत्रण' असं एक पान सापडलं. त्यावर राखाडी बटणांची रांग, प्रत्येकाखाली मर्यादेची पट्टी. खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणात मला आवडलेली जागा ही एकच. वाड्याच्या खोल्यांना एकेक कुलूप आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला.

ऑनलाइन उघडलं, त्या दिवसापुरती मर्यादा ४२,०००, ऑर्डर गेल्यावर ३,०००. परदेशी व्यवहार बंदच, मी कुठे जाणार आहे? बाहेरच्या पुष्कळशा संकेतस्थळांना ओटीपीही लागत नाही, हे भाच्याने सांगितल्यावर तर ते बटण मी नजरेआडच केलं. एटीएमही बंद केलं, कारण क्रेडिट कार्डावर रोख काढली की शुल्क वेगळं आणि व्याज त्याच दिवसापासून. खरेदीला मिळते ती पन्नास दिवसांपर्यंतची बिनव्याजी सवलत वगैरे रोखीला नाही. टॅपवर चर्चा झाली. जानेवारी २०२१ पासून ५,००० पर्यंत पिन न विचारता टॅप होतं. यांचं म्हणणं, एसटीच्या गर्दीत कुणी खिशाला मशीन लावलं तर? भाचा म्हणाला, काका, मशीन कार्डापासून दोन-तीन बोटांवर यावं लागतं आणि ते कुणाच्या तरी नावावर नोंदलेलं असतं. तरी बंद ठेवलं. पिन दाबायला मला कष्ट पडत नाहीत.

हप्त्यांचा हिशेब यांनी केला. 'बिनव्याजी' म्हणजे व्याज लावतात आणि तेवढीच सूट किमतीत देतात. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आपल्याच माथी, शिवाय हप्ते बांधून देण्याचं शुल्क. नऊ हप्त्यांत सगळं मिळून सातशेच्या आसपास जास्त जातात, हे यांनी पाकिटाच्या पाठीवर काढून दाखवलं. दुसरी गोष्ट, ४१,००० ची मर्यादा पहिल्याच दिवशी अडकते आणि हप्ता फिटेल तशी सुटते. या बेरजा-वजाबाक्यांत यांना जी मजा आली, ती पाहून मला वाटलं, कार्डाला विरोध होता तो हिशेब हातात नव्हता म्हणूनच की काय.

मग ऑटोपे. म्हणजे बिलाची रक्कम खात्यातून आपोआप वळती व्हायची सोय. तिथे दोन पर्याय, 'एकूण देय' आणि 'किमान देय'. आणि निवडून ठेवलेला होता 'किमान'. आमच्याकडे याला मुद्दाम सोडलेली चूक म्हणतात. किमान रक्कम भरली की उशिराचा दंड टळतो, व्याज टळत नाही. माझ्या कार्डाचा दर महिना साडेतीन टक्के, वर्षाला ४२. समजा वीस हजारांचं बिल आहे आणि हजार भरले, तर व्याज मोजतात ते खरेदीच्या तारखेपासून, आणि बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही सवलतीचे दिवस मिळत नाहीत. मी 'एकूण' केलं, सेव्ह केलं, बाहेर पडले, पुन्हा आत जाऊन बघितलं. तिसऱ्या वेळी यांनी बघितलं.

हे मला कळलं ते महत्त्वाच्या अटींचं पत्रक वाचल्यामुळे. माझ्याएवढ्या बारकाईने ते कुणी वाचलं असेल असं वाटत नाही. या पत्रकाचा टाइप ॲरिअल १२ पेक्षा लहान असू नये, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे! मला तर गहिवरून आलं. इतकी वर्षं आठ पॉइंटातल्या तळटीपा वाचून डोळे गेले, आणि कुणीतरी दिल्ली-मुंबईत बसून टाइपाचा आकार ठरवलाय. मजकूर खरोखर १२ मध्ये होता. शुल्कांच्या तक्त्याखालच्या तारांकित टिपा मात्र सातच्या वर नसाव्यात. अटी सोप्या भाषेत, शक्यतो इंग्रजी, हिंदी आणि स्थानिक भाषेत द्याव्यात, असंही निर्देशांत आहे. मी शाखेत मराठी प्रत मागितली. नाही म्हणाले. 'शक्यतो' या शब्दात फार जागा असते.

बिलाची तारीख मात्र भांडून नव्हे, मागून मिळाली. बिल निघायचं १४ ला, भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या ३ ला. माझे पैसे येतात ते दहा तारखेनंतर. बिलाचं चक्र निदान एकदा तरी बदलून देणं बँकेला बंधनकारक आहे. फोन केला, झालं. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कार्ड रुपे आहे, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डासारख्या पण देशी जाळ्यावरचं, त्यामुळे ते यूपीआयलाही जोडता येतं. शेवटचे सहा आकडे आणि मुदत टाकून यूपीआयचा वेगळा पिन करायचा. किराण्याच्या दुकानात चाललं, औषधाच्या दुकानात चाललं. गणपती मंदिरामागे भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींकडे नाही चाललं, कारण त्यांचा क्यूआर मुलाच्या वैयक्तिक खात्याचा, आणि क्रेडिट कार्डावरून माणसाला पैसे पाठवता येत नाहीत, दुकानालाच देता येतात. "तुमचं कार्ड खोटं हाय व्हय?" त्यांनी विचारलं. मी सुटे दिले.

कार्ड येऊन आठवडा झाला असेल, एक फोन आला. अगदी स्वच्छ मराठी. "नमस्कार ताई, आपल्या कार्डासोबत विमा योजना कार्यान्वित झाली आहे, वार्षिक शुल्क २,४०० रुपये. आपली इच्छा नसल्यास ती आत्ताच रद्द करता येईल, त्यासाठी आलेला सांकेतिक क्रमांक कृपया सांगावा." काय भाषा! 'कार्यान्वित'मधला प्रत्येक स्वर ठसठशीत. वाक्यात इंग्रजी शब्द नाही. त्या हिंदी बोलणाऱ्या बाईंना मी पाच मिनिटं झापलं होतं, आणि या पोराला, खोटं कशाला सांगू, मी "अहो, एक मिनिट हं" असं म्हटलं. ओटीपी येऊन पडला होता. त्यात स्पष्ट लिहिलेलं, ८,९९९ च्या ऑनलाइन खरेदीसाठी. फोन ठेवला आणि त्याचा क्रमांक सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, कळवला. ऑनलाइनची मर्यादा ३,००० वर होती हे मला नंतर आठवलं. तोवर हात थरथरतच होते.

लॅपटॉप दसऱ्याच्या आत आला. दोन अंकांची शेवटची प्रुफं त्याच्यावरच काढली. पाट पुन्हा देवघरात गेला.

दिवाळीनंतर वेळ झाला तेव्हा मी बँकेला एक ईमेल लिहिला. तक्रार नव्हे. तो ऑगस्टचा मेसेज जसाच्या तसा टंकून, चारही चुका नेहमीच्या खुणांनी दाखवून, समोर शुद्ध रूप. उत्तर आलं, "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे." कुणाचं काय झालं, कळेना. मग जानेवारीत मेसेज आला: "प्रिय ग्राहक, आपल्या क्रेडिट कार्डाची टॅप सुविधा सक्रीय करण्यास सहमती द्या."

मी ॲप उघडून बघितलं. तिथेही तेच विचारलं होतं. नाही म्हटलं आणि यांना मेसेज दाखवला. यांनी चष्मा वर केला, दोनदा वाचला.

"तीन चुका लागल्या की मार्गी," हे म्हणाले. "तिन्हीचं बिल लाव त्यांना."